ट्रेकच्या सॅकमध्ये मावेल असा धारेचा छोटा दगड घरी कसा करायचा?

अनघा_घाटवाटा

नमस्कार मंडळी,

आमचा पुण्यातला लहानसा गट आहे. रीतसर परवानगी काढून आम्ही गडांवरचा झाडोरा काढायला जातो. तटाच्या सांध्यांत रुजलेले पिंपळ-उंबर, पायऱ्यांवर माजलेली घाणेरी, टाक्यांच्या काठचं रान. हत्यारं साधीच: कोयते, एक-दोन विळे, आणि ज्याच्या-त्याच्या खिशातला घडीचा चाकू.

अडचण धारेची आहे. तटातलं मूळ तोडताना कोयता दगडावर बसतोच. दुपारपर्यंत धार जाते, खांडे पडतात आणि मग माणसं ताकद लावायला लागतात. बोथट कोयता मुळावरून सटकतो, आणि तटाच्या कडेला उभं राहून असं सटकणं मला बघवत नाही. सध्या आम्ही सुताराकडे असतो तसा मोठा दुहेरी दगड वर नेतो, एक अंग खरखरीत आणि एक बारीक. तो जवळजवळ अर्धा किलोचा. शिवाय गटाला मिळून एकच, त्यामुळे माणसं दोन बुरुजांवर पांगली की तो कुणाच्याच हाताशी वेळेवर येत नाही.

मला दर दोन माणसांमागे एक छोटा दगड तयार करून द्यायचाय. मोठ्या दगडाचे तुकडे करता येतात का? कशाने कापायचे? किती पातळ केला तर हातातून पडल्यावर फुटणार नाही? नदीतला गुळगुळीत काळा दगड घासून चालेल का? पट्टीवर पॉलिशपेपर चिकटवला तर? आणि विळ्याच्या आतल्या बाकाला सपाट दगड टेकतच नाही, तिथे तुम्ही काय करता?

निखिल_के

मी डायमंडचं कार्ड वापरतो. एटीएम कार्डाएवढी स्टीलची पट्टी, तिच्यावर निकेलच्या मुलाम्यात हिऱ्याचे बारीक कण बसवलेले. वजन जवळजवळ नाही, पाणी नसलं तरी चालतं, झिजून खोलगट होत नाही. माझा चाकू डी-टू पोलादाचा आहे, त्यात १२ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं आणि त्याची कार्बाइडं (कार्बनशी जुळून झालेले कण) इतकी कडक की साधा दगड त्यावर फार वेळ खातो. बनवण्याची खटपट करण्यापेक्षा अशी चार कार्डं घ्या, असं मला मनापासून वाटतं.

सातपूरचा_फिटर

अनघाताई, माझी नोकरी नाशिकला सातपूरच्या टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात साचे-हत्यारं बनवतात तिथे झाली. डाय आणि पंच, म्हणजे साच्याचे भाग, मशीनवरून उतरले की त्यांची शेवटची कड हातात दगडाची कांडी धरूनच सारखी करायची, त्यामुळे लहान दगड कापणं, घासणं, त्याला आकार देणं हे रोजचंच होतं. आता घरच्या द्राक्षबागेत छाटणीला जी माणसं येतात त्यांच्यासाठी असे दगड करून देतो. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, दोन्ही वेळेला कात्री दिवसभर चालते. खिशात दगड असला की माणूस ओळ संपली की चार हात मारतो आणि पुढच्या ओळीला लागतो. धार जाऊच द्यायची नाही, याचा सगळा फायदा त्या चार हातांत आहे. तुमच्या कोयत्यांचंही तेच.

तुम्ही विळ्याच्या बाकाचं शेवटी लिहिलंय, मी तिथूनच सुरुवात करतो. मोठ्या दगडावर आपण पातं फिरवतो. लहान दगड मात्र पात्यावर फिरवायचा असतो. म्हणजे पातं जसं असेल तसा दगडाला आकार द्यायला हवा, आणि नुसते चौकोनी तुकडे पाडले तर निम्मं काम राहून जातं. माझ्या प्रत्येक दगडाला एक लांब कड मी पूर्ण गोल करतो, साधारण पेन्सिलीच्या जाडीची. विळ्याचा, कोयत्याच्या चोचीचा आणि छाटणी-कात्रीचा आतला बाक त्या गोल कडेने धरतो. सपाट अंगं चाकूसाठी आणि कोयत्याच्या सरळ भागासाठी. एवढं एक केलंत तर विकतच्या चौकोनी दगडापेक्षा तुमचा दगड जास्त कामाचा ठरेल.

निखिलचं म्हणणं त्यांच्या चाकूपुरतं अगदी बरोबर आहे, डी-टूला हिराच सोयीचा. पण तुमचा मुख्य प्रश्न कोयत्याचा आहे. लोहार चांगला कोयता ठोकतो तो बहुतेक ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा. पाट्याच्या पोलादात कार्बन अर्धा-पाऊण टक्क्याच्या मधे, आणि कोयता चाकूपेक्षा मऊ पाजलेला असतो, म्हणजे तापवून पाणी देताना कमी कडक केलेला, नाहीतर पहिल्याच दगडावर तुकडा उडेल. त्यावर खांडा काढायला माणूस जोर देणारच, आणि जोर दिला की निकेलमधले हिऱ्याचे कण उपटून जातात. कार्ड काही महिन्यांत गुळगुळीत होतं. दगडाचं तसं नाही. त्याचा वरचा थर झिजतो आणि खालचे ताजे कण वर येतात.

नदीतला काळा दगड नको. सह्याद्रीचा दगड बेसाल्ट, त्यात फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजं मुख्य. मोजच्या १ ते १० अशा कठीणपणाच्या मापावर ती सहाच्या आसपास, आणि पाजलेलं पोलादही तिथेच कुठेतरी. दोघं जवळजवळ सारखेच कठीण, मग कोण कुणाला कापणार? गावाकडे ओढ्याच्या दगडावर विळे घासतात हे खरं, कारण ते विळे मऊ असतात. चाकूच्या धारेला तो दगड फक्त चोळतो. बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारी गारगोटी ७ पर्यंत कठीण असते, पण ती काचेसारखी नितळ, तिला खायला तोंडच नाही. जांभ्याचं तर नावच नको.

तुमच्याकडे जो दुहेरी दगड आहे तोच कापा. हे बहुतेक सिलिकॉन कार्बाइडचे असतात, आपण बाजारात कार्बोरंडम म्हणतो ते. हा माल निसर्गात जवळजवळ मिळतच नाही. एडवर्ड अॅचेसन या अमेरिकन माणसाने १८९१ मध्ये विजेच्या भट्टीत तो काढला, आणि आजही वाळू आणि कोक विजेच्या भट्टीत तापवूनच तो करतात. मोज मापावर ९ च्या वर. बेसाल्टशी त्याची तुलनाच नाही.

साधारण १५० बाय ५० बाय २५ मिलिमीटरचा दगड असेल असं धरतो. फरशी कापायचा ११० मिलिमीटर चकतीचा मार्बल कटर आणि अखंड कडेची डायमंड चकती. दगड पाटावर क्लॅम्पने घट्ट बांधा, हातात धरून कापू नका. पहिला काप दोन रंगांच्या सांध्यावर, म्हणजे खरखरीत आणि बारीक असे दोन पातळ पाट सुटे होतात. चकती ५० मिलिमीटर खोल जात नाही, म्हणून एका लांब कडेने निम्मं कापा, उलटा करा, दुसऱ्या कडेने उरलेलं. मग प्रत्येक पाट लांबीत मधोमध, आणि शेवटी आडवा. कापात दोनेक मिलिमीटर जातात. हातात येतात अंदाजे ७३ बाय २४ बाय ११ चे आठ तुकडे, चार खरखरीत आणि चार बारीक. एकेक तुकडा ५० ग्रॅमच्या आतबाहेर. म्हणजे एका मोठ्या दगडात तुमच्या चार जोड्यांची सोय झाली.

क्रम मात्र हाच ठेवा. आधी लहान तुकडे पाडलेत तर सांधा कापताना धरायला जागा उरत नाही, आणि अशा कामात बोटं जातात.

पाणी हवंच. कुणीतरी बाटलीने बारीक धार सोडत राहायचं, धूळ उडता कामा नये. तरी तोंडाला एन-९५ मास्क आणि डोळ्याला चष्मा. पाणी आणि वीज एकत्र आहे, म्हणून ज्या प्लगच्या मागे आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे तिथेच कटर लावा, पायात रबरी चप्पल किंवा बूट, आणि पाणी कापावर पडेल, मोटारीवर नाही, असं बघा. हे सगळं घरी जमणार नसेल तर ग्रॅनाइटचे ओटे कापणाऱ्याकडे जा. त्यांच्या टेबलावर पाण्याचीच मोठी चकती असते, पेन्सिलीच्या रेषा मारून दिल्या की ते सरळ कापून देतात, आणि मला विचाराल तर तेच जास्त चांगलं.

कापलेली अंगं ओबडधोबड असतात, ती सपाट करायची. जाड काचेचा तुकडा घ्या, १० मिलिमीटरची असली तर उत्तम. त्यावर सिलिकॉन कार्बाइडची पावडर, खरखरीत दगडाला ८० नंबर, बारीकला २२०, आणि चमचाभर पाणी. पावडर मिळाली नाही तर मोटारीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात व्हॉल्व ग्राइंडिंग पेस्ट मिळते, तीही चालते, पण त्यात तेल नाही ना ते विचारून घ्या. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा, इंग्रजी आठच्या आकारात घासा, चौकटी पुसल्या की सपाट झाला. पावडर बदलताना दगड आणि काच ब्रशने धुवायची, नाहीतर ८० चा एक दाणा २२० मध्ये मिसळतो आणि चाकूच्या कडेवर सतत चरे मारतो.

काच मिळालीच नाही तर तीन दगड एकमेकांवर घासा. पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-पहिला, असे आळीपाळीने. दोनच दगड घासले तर एक खोलगट होतो आणि दुसरा फुगीर, आणि दोघं एकमेकांत इतके छान बसतात की कळतही नाही. तीन असले की ती फसवणूक टिकत नाही. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनियरने १८४० मध्ये तीन पृष्ठभाग एकमेकांशी ताडून सपाट करण्याची ही युक्ती ग्लासगोला मांडली, आणि सगळ्या जगाचे सरफेस प्लेट (सपाटी तपासायचे पाट) त्यावर उभे राहिले. मला ही पद्धत फार प्रिय आहे. मशीन नाही, माप नाही, तरी सपाटी मिळते.

सगळ्या कडा ४५ अंशात मिलिमीटरभर मारून घ्या. दगड फुटतो तो जवळजवळ नेहमी तीक्ष्ण कोपऱ्यापासून. आणि एक लांब कड वर सांगितली तशी गोल. ती पावडरवर होणार नाही, पीव्हीसी पाइपच्या अर्ध्या कापलेल्या तुकड्यात ८० नंबरचा पाण्यात चालणारा पॉलिशपेपर बसवा आणि त्यात पुढे-मागे घासा, आपोआप गोल होते.

आता फुटण्याचं. ११ मिलिमीटरचा नुसता दगड कातळावर पडला तर फुटेल, त्याला इलाज नाही. म्हणून खरखरीत आणि बारीक असे दोन तुकडे ३ मिलिमीटरच्या अॅल्युमिनियम पट्टीच्या दोन्ही अंगांना चिकटवा. हार्डवेअरच्या दुकानात पट्टी फुटावर मिळते. ती ३० मिलिमीटर रुंद घ्या, म्हणजे दगडाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर बाहेर राहील. बोटं त्या पट्टीच्या मागे राहतात आणि धारेपर्यंत पोचत नाहीत. गोल कड हवी त्या बाजूला मात्र पट्टी दगडाला लागून सपाट ठेवायची, आणि ते अंग वापरताना अंगठा वर घ्यायचा. चिकटवायला हळू सुकणारं दोन ट्यूबचं अॅराल्डाइट, पाच मिनिटांचं नको. आधी दगड उन्हात दोन दिवस खडखडीत वाळवा, पट्टी पेपरने खरवडून थिनरने पुसा. लाकडाची पाठ कधीच लावू नका. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि दगड सोडून देतं.

पेपरचं विचारलंत. पट्टीवर पेपर सोबत ठेवायला हरकत नाही, पण धार जराशी आडवी लागली की पेपर फाटतो आणि पावसात डिंक सुटतो. आणि आकड्यांवर जाऊ नका. पेपरवरचा पी-१००० म्हणजे सुमारे १८ मायक्रॉनचा कण, जपानी दगडावरचा १००० त्याहून बारीक असतो. नंबर तोच, कण वेगळा.

वैनगंगा_कामठी

फिटरकाकांनी पश्चिम महाराष्ट्राचा दगड नापास केला, तो बरोबरच केला. पण आमच्या विदर्भाकडेही बघा जी.

मी कामठीजवळचा. आमच्याकडे जमिनीखाली वाळूचा दगड आहे. भूगर्भशास्त्रात या थरांना कामठी फॉर्मेशन असंच नाव आहे, गोंडवाना गटातले, साधारण २५ कोटी वर्षांचे. चंद्रपूरकडेही वाळूचा दगड आहे. त्यात दाणा क्वार्ट्झचा, म्हणजे मोजवर ७, पोलादाच्या वर. आणि दाणे एकमेकांत सैल बांधलेले, त्यामुळे घासताना जुना दाणा सुटतो आणि नवा पुढे येतो. आमच्या घराच्या पायरीचा दगड विळे घासून मधे खोलगट झालाय, आणि अजूनही आई विळी तिथेच पाजवते.

निवडताना असं करा. तुटलेल्या ताज्या अंगावर पाण्याचा थेंब टाका. लगेच शोषला आणि बोटाने चोळल्यावर दाणे सुटले तर दगड फार सैल, जाऊ द्या. थेंब हळू आत गेला आणि ओला दगड लोखंडावर फिरवल्यावर राखी गाळ आला, तर तो आपल्या कामाचा. भिंगाने पाहा, दाणा सगळीकडे सारखा पाहिजे, मधे जाड खडा नको. कापताना २० मिलिमीटरच्या खाली जाऊ नका, भट्टीतल्या दगडाएवढी ताकद त्यात नसते.

आणि धूळ. या दगडात भरपूर सिलिका आहे. खाणीतल्या आणि दगड फोडणाऱ्या माणसांना सिलिकोसिस होतो तो याच धुळीने, आणि झालेला बरा होत नाही. कोरडा कापायचा नाही म्हणजे नाही. मी तर कटर लावतच नाही, छिन्नीने अंदाजे तुकडा काढतो आणि पाणी घालून मोठ्या दगडावर घासून आकार देतो. एक संध्याकाळ जाते, पण आनंदाची.

कोयत्याला आणि विळ्याला हा दगड फार गोड लागतो. चाकूला शेवटचा हात मारायला काकांचा बारीक दगडच घ्या.

अनघा_घाटवाटा

काका, दादा, एवढं सविस्तर लिहिलंत, खरंच आभार. हे सगळं छापून गटाला देणार आहे.

अजून तीन शंका. आमच्याकडे कटर नाही आणि ओटे कापणारा एवढ्याशा कामाला नको म्हणाला. कापायचीच गरज पडणार नाही असे लहान दगड कुठे मिळतील का? दुसरं, गडावर दगड वापरायचा कसा? कोन कसा कळायचा? आमच्यातली निम्मी मुलं पहिल्यांदाच कोयता हातात घेतात. आणि तिसरं, माझ्या भावाचं म्हणणं आहे की सिलिकॉन कार्बाइडची पावडर अॅराल्डाइटमध्ये कालवून साच्यात ओतली की हव्या त्या आकाराचा दगड होईल. होईल का?

सातपूरचा_फिटर

ताई, कापायची गरज नाही असे दगड आहेत, आणि ते कुणी वापरत नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं. इंजिन रिबोअरिंगच्या दुकानात जा. सिलिंडरचा बोअर होन करायला, म्हणजे त्याचं भोक आतून घासून सारखं करायला, ते दगडाच्या कांड्या वापरतात, बोटाएवढ्या लांब आणि सेंटिमीटरभर रुंद. एका मर्यादेपलीकडे झिजल्या की त्या होनमध्ये बसत नाहीत आणि दुकानदार त्या टाकून देतो. आपल्या खिशासाठी ते तयार दगडच आहेत, तेही चांगल्या प्रतीचे, भट्टीत भाजलेले. बोअरला लागणारं अंग आधीच किंचित गोल असतं, म्हणजे विळ्याची कड फुकट मिळाली. उरलेली अंगं काचेवर सपाट करा. त्यांच्यात ऑइल आणि केरोसीन मुरलेलं असतं. केरोसीनमध्ये दिवसभर बुडवून, मग भांड्याच्या साबणाने आणि कडक पाण्याने परत परत धुवा, पाण्यावर तेलाचा तवंग येईनासा होईपर्यंत. तरी आतलं पूर्ण निघत नाही, म्हणून अॅराल्डाइट त्यावर धरेल याची खात्री धरू नका. पट्टीला न चिकटवता त्या तशाच वापरा, सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात घालून.

ट्यूब सगळ्याच दगडांना घाला. तुकडा दगडापेक्षा बोटभर लांब कापायचा आणि टोक दुमडायचं. धक्का खाते, पाणी आत जात नाही, आणि वापरताना ट्यूब निम्मी मागे सरकवली की तीच मूठ होते.

टूलरूमच्या भंगारात फुटक्या ग्राइंडिंग व्हीलचे तुकडेही मिळतात. व्हीलवर छापलेलं असतं, उदाहरणार्थ ए ६० के ५ व्ही. ए म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइड, ६० हा कणाचा नंबर, के ही पकडीची प्रत, ५ ही रचना, व्ही म्हणजे भट्टीतली काचेची बांधणी. ६० फार जाड आहे, कोयत्याचे खांडे काढण्यापुरताच घ्या. फुटक्या व्हीलचा तुकडा हातानेच वापरायचा. कितीही मोठा असला तरी तो परत मशीनवर चढवायचा विचार कुणी करू नये, जीव जातो.

आता कोन. पातं दगडावर सपाट ठेवा आणि पाठ उचला. पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश पाठ उचलली की कोन १९-२० अंश होतो, चाकूला तो बरोबर. २१ मिलिमीटर रुंद पातं असेल तर ७ मिलिमीटर. कोयत्याला थोडा जास्त, पाचात दोन भाग उचलायचा, म्हणजे २३-२४ अंश. मुळं तोडणाऱ्या कोयत्याला याहून पातळ धार दिली तर ती वळते. मुलांना घरी समजावताना पात्याच्या कडेवर मार्करचा रंग लावून द्या. दोन हात मारून बघायचं, रंग धारेजवळचा गेला की पाठीकडचा. डोळ्याला दिसतं, मग सांगावं लागत नाही.

गडावर कोयता मांडीवर घेऊन धार करू नका. बसा, कोयत्याची मूठ पायाखाली किंवा ओंडक्यावर दाबून धरा, धार अंगापासून बाहेर. खांडा पडला असेल तर दगडाला हात लावायच्या आधी सहा इंची बारीक कानस. कोयता मऊ पाजलेला असल्याने कानस त्याला सहज खाते, आणि जे कानसेचं काम आहे ते दगडाने केलं तर तुमचा छोटा दगड एका मोहिमेत झिजेल. गटात एक कानस पुरे. मग खरखरीत दगडाने लहान-लहान गोल फिरवत मुठीकडून टोकाकडे. एका अंगाला घासत राहा, दुसऱ्या अंगावर नखाला अडकणारी बारीक बर (धारेवर वळलेला धातूचा पापुद्रा) आली की ते अंग झालं. मग दुसरं. बर आलीच नाही तर धार अजून टोकापर्यंत पोचलेली नाही, कितीही चकाकत असली तरी. शेवटी बारीक दगडाचे हलके हात, आळीपाळीने, प्रत्येक वेळी जोर कमी करत. चाकूला त्यानंतर कमरेच्या पट्ट्याच्या आतल्या अंगावर पाठ पुढे आणि धार मागे ठेवून ओढा.

दगडावर पाणीच वापरा. एकदा तेल लावलंत की मग तो कायमचा तेलाचा, पाणी त्यावर उभं राहत नाही आणि गडावर तेलाची बाटली कोण नेणार? कोयता मात्र घरी आल्यावर पुसून खोबरेल लावून ठेवा.

भावाला सांगा, अॅराल्डाइटचा दगड होतो, पण चालत नाही. डिंक कणाला इतका घट्ट धरतो की कण बोथट झाला तरी सुटत नाही, वर डिंकाचाच थर चकाकायला लागतो आणि पातं घसरतं. कारखान्यात माती आणि फेल्डस्पार घालून १२०० अंशांच्या वर भाजतात, त्याने कणांमधे काचेचे बारीक पूल होतात आणि मधे हवेची भोकं राहतात. बोथट कणावर जोर आला की पूल मोडतो. ती मोडण्याची सोयच दगडाला दगड बनवते. घरच्या साच्यात जमेल अशी एकच बांधणी मला माहीत आहे. भाजलेल्या मॅग्नेसाइटची पूड मॅग्नेशियम क्लोराइडच्या पाण्यात कालवायची आणि त्यात एमरीचे, म्हणजे घासायच्या एका कठीण खनिजाचे दाणे. पिठाच्या चक्कीचे एमरी दगड असेच ओततात, भट्टी लागत नाही. पण ही बांधणी सतत पाण्यात राहिली की कमजोर होते, आणि आपला दगड तर पावसाळी गडावर जाणार. त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

निखिल_के

काका, कोयत्यावर कार्ड का टिकत नाही ते आता नीट कळलं. माझ्या चाकूला कार्ड आणि कोयत्याला दगड, दोन्ही ठेवीन. एक विचारायचंय: वापरून वापरून दगड गुळगुळीत झाला, पातं नुसतं सरकायला लागलं, तर गडावर काय करायचं?

सातपूरचा_फिटर

आधी बघा दगड चोंदलाय का बोथट झालाय. काळी चकाकी दिसत असेल तर भोकांत लोखंडाची पूड भरलीय. भरपूर पाणी आणि जुना टूथब्रश, जमलं तर साबणाचा फेस, बहुतेक वेळा एवढ्याने मोकळा होतो. तरीही सरकत असेल तर जोडीतला खरखरीत दगड बारीकवर पाणी घालून थोडा वेळ घासा, दोघांचंही तोंड उघडतं. म्हणून मी दोन तुकडे नेहमी एकत्र देतो. तुमचे दोन्ही तुकडे एकाच पट्टीवर चिकटवलेले असतील तर दुसऱ्या जोडीचा दगड मागून घ्या. घरी आल्यावर काचेवर ८० ची पावडर टाकून परत सपाट करायचा, कारण खिशातला दगड मधे लवकर खोलगट होतो आणि मग चाकूचा कोन जागोजागी बदलतो.

अनघाताई, रिबोअरिंगवाल्याकडे गेलात तर कांड्या निवडून घ्या. बोटाने चाचपा, टवका उडालेल्या नकोत, आणि नखाने टिचकी मारून बघा. खणखणीत आवाज आला तर घ्या, बद्द आला तर आत चीर असू शकते. जाड आणि बारीक दोन्ही मागा, ते वेगवेगळ्या डब्यांत टाकलेले असतात.